स्नायूंच्या दुखण्याचा साक्षीदार

स्नायूंच्या दुखण्यास आपल्या मराठीत नावांची उणीव कधीच भासली नाही. मान धरते, पाठीत उसण भरते, कंबर आखडते, पोटरीत गोळा येतो, खांदा भरून येतो आणि दिवसभराच्या श्रमाने अंग आंबते. या प्रत्येक शब्दप्रयोगात वेदनेचा एक निराळा सूक्ष्म भेद सांठविलेला आहे. परंतु हे सारे शब्द दुखणाराचे आहेत. पाहणाराचा त्यांत एकही नाही. हाड मोडले असता १८९५ नंतर क्ष-किरणांनी त्याची साक्ष द्यावी, अंगात ज्वर असता पाऱ्याने ती द्यावी. पण स्नायूच्या दुखण्यास रोग्याच्या स्वतःच्या बोलण्यावाचून दुसरा पुरावा नाही, अशी स्थिती दीर्घकाळ होती. क्ष-किरण मांसातून बहुतांशी पार निघून जातात आणि छायाचित्रावर हाडेच तेवढी उमटतात. मग घरच्यांनी कामाचा कंटाळा म्हणावे व कचेरीतल्यांनी रजेचे निमित्त म्हणावे, यात नवल ते काय? ज्याचे दुखणे दिसत नाही त्यास ते दोनदा सोसावे लागते.

या अदृश्य दुखण्याचा पहिला शोध यंत्राने नव्हे, वैद्याच्या अंगठ्याने घेतला. १८४३ साली रॉबर्ट फ्रोरीप या जर्मन वैद्याने, दुखऱ्या स्नायूंत हातास लागणाऱ्या कठीण दोऱ्यांचे वर्णन करून त्यांस ‘स्नायूंचा घट्टा’ अशा अर्थाचे नाव दिले. १९०४ साली लंडनचे विख्यात मज्जातंतुवैद्य विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील व्याख्यानात ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द योजिला. तंतुमय भागाचा दाह असा त्याचा अर्थ. नाव इतके भारदस्त की ते पुढे कित्येक दशके वैद्यकात नांदले. ज्या दाहावरून ते पडले तो मात्र सूक्ष्मदर्शकाखाली कोणास नीटसा सापडला नाही! पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या विदुषीने १९४२ पासून ‘ट्रिगर पॉइंट’ची कल्पना मांडली. ताठलेल्या दोरीतील एका बिंदूवर दाबले असता कळ दुसरीकडेच उमटते, हे तिचे निरीक्षण कोणाही अंग रगडणाऱ्यास पटण्यासारखे आहे. परंतु १९९२ साली फ्रेडरिक वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाणत्या वैद्यांकडून, समोरची व्यक्ती रोगी की निरोगी हे त्यांस न सांगता, स्नायू तपासविले. तेव्हा त्या ताठ दोऱ्या दुखणाऱ्यांत व धडधाकटांत सारख्याच प्रमाणात आढळल्या. अंगठ्याची साक्ष अशा रीतीने डळमळली.

आता ध्वनीकडे वळू. १८८० साली प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी असे दाखविले की, गारेसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत् उत्पन्न होते. याच्या उलट क्रियेने, म्हणजे विद्युत् देऊन स्फटिक कंपित केला असता, मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी निर्माण करता येतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधार्थ पॉल लांझव्हँ यांनी असा ध्वनी पाण्यात सोडला, तेव्हा त्याच्या झोतात सापडलेले मासे मेले आणि पाण्यात हात घालणारास वेदना झाल्या. मानवी मांसाशी या ध्वनीची ओळख झाली ती अशी, वेदना देऊन! आणि इतिहासाचा विनोद पाहा: १९३० नंतरच्या दशकात जर्मनीमध्ये राइमार पोलमन प्रभृतींनी हाच ध्वनी सौम्य करून स्नायूंचे दुखणे शेकण्यास वापरला. या शेकाच्या गुणाविषयी पुढील परीक्षणांनी फारसा उत्साह दिला नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे. परंतु श्राव्यातीत ध्वनी स्नायूकडे प्रथम गेला तो पाहण्यास नव्हे, बरे करण्यास, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

पाहण्याचा उद्योग ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी आरंभिला. १९४२ साली त्यांनी कवटीतून ध्वनी पार करून मेंदूतील पोकळ्यांची चित्रे मिळविल्याचे प्रसिद्ध केले. पण त्या आकृती बव्हंशी कवटीच्या हाडानेच उमटविलेल्या होत्या, असे दहा वर्षांत ठरले. दुसरा एखादा खचला असता. याच डुसिक यांनी १९५८ साली अमेरिकेत त्वचा, चरबी, स्नायू, कंडरा, कूर्चा व हाड यांत ध्वनी किती शोषला जातो हे मोजून सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. तंतूंच्या दिशेप्रमाणे हे माप बदलते, असेही त्यांस आढळले. स्नायूंच्या ध्वनिपरीक्षेचा पाया तो हाच. मधल्या काळात डेन्व्हर येथे डग्लस हाउरी यांनी बी-२९ विमानाच्या तोफेच्या मनोऱ्याचे टाके करून त्यात रोग्यास पाण्यात बसविण्याची योजना केली होती. तथापि सारी कीर्ती नेली ती ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांच्या १९५८ च्या उदरविषयक निबंधाने. आपल्याकडे तर सोनोग्राफी म्हणजे गर्भाची तपासणी असेच समीकरण झाले. तिचा दुरुपयोग इतका झाला की महाराष्ट्रास १९८८ साली, देशात सर्वांआधी, गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा करावा लागला व १९९४ साली केंद्राने तोच मार्ग धरला.

स्नायू मात्र मागे पडला नव्हता. १९६८ साली जपानात इकाई व फुकुनागा यांनी ध्वनीने दंडाच्या स्नायूचा छेद मोजून त्याचा बळाशी संबंध दाखविला. १९८० साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात हेकमॅट, डुबोवित्झ व लीमन यांनी स्नायुक्षय झालेल्या मुलांचे स्नायू पाहिले. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो व त्यात पांढऱ्या रेघा असतात; क्षय झालेला स्नायू पांढुरका होत जातो, इतका की त्याखालील हाडाची रेघही पुसट होते.

पण ताठरपणा रंगावरून कसा ओळखावा? १९९१ साली जोनाथन ओफिर व सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये अंगठ्याचेच तत्त्व यंत्रास शिकविले: मांसल भाग किंचित दाबावयाचा आणि दाबण्यापूर्वीचे व नंतरचे प्रतिध्वनी ताडून पाहावयाचे, जेथे कमी दबले ते कठीण. पॅरिसमध्ये माथियास फिंक यांच्या प्रयोगशाळेने याहून पुढची युक्ती साधली; २००४ साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. तीत ध्वनीच्याच रेट्याने स्नायूत एक आडवी लहर उठवितात. साधा ध्वनी मांसातून सेकंदास सुमारे १५४० मीटर धावतो, ही लहर मात्र सेकंदास अवघी काही मीटर; म्हणून सेकंदास हजारो चित्रे घेऊन तिचा माग काढता येतो. भाग जितका ताठ तितकी लहर वेगवान. वेग दुप्पट झाला तर ताठरपणा चौपट समजावा.

२००९ साली सिद्धार्थ सिकदार व सहकाऱ्यांनी ट्रॅव्हेल यांचे बिंदू ध्वनीने पाहिले. मानखांद्याच्या स्नायूत हातास जेथे गाठ लागे, तेथे पडद्यावर लंबगोल काळसर ठिपके दिसले, आणि स्नायू बाहेरून कंपित केला असता ते भाग शेजारच्या भागांहून कमी हलले. तपासलेल्या व्यक्ती ९ च होत्या, तरी फ्रोरीपच्या अंगठ्यास दीडशे वर्षांनंतर समर्थन मिळाले, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु अंगठ्यास लागलेली गाठ निराळी आणि रोग्यास होणारी वेदना निराळी. तशा गाठी न दुखणाऱ्यांतही असतात. शिवाय तपासणाराने दांडी थोडी कलती धरली की तोच स्नायू उजळ वा काळा दिसतो, हात थोडा जड पडला की मऊ भागही ताठ भासतो. तेव्हा पडद्यावर काही नाही म्हणून दुखत नाही, असा निकाल देणारा वैद्य यंत्रास त्याच्या अधिकाराबाहेरचा प्रश्न विचारीत असतो. २०१७ साली टाशा स्टँटन, लॉरिमर मोझली व सहकाऱ्यांनी पाठ ताठल्याची तक्रार करणाऱ्यांच्या पाठी यंत्राने दाबून मोजल्या, तेव्हा तक्रारीचा व मोजलेल्या ताठरपणाचा मेळ बसला नाही. मात्र ही माणसे खोटे बोलत नव्हती. पाठीवर पडलेला दाब त्यांस प्रत्यक्षाहून अधिक जाणवत होता; आणि दाबाबरोबर करकरणाऱ्या दाराचा आवाज ऐकविला असता ती जाणीवही बदलत होती.