गाण्यातला 'मी' आणि जन्मदाखला

आत्मपर काव्यातील 'मी' आणि कवी यांना एक मानावे काय, हा प्रश्न वर्गात निघाला की आम्हांला लोरेटा लिन ही कंट्री गायिका आठवते. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील बुचर हॉलो या डोंगरवस्तीत, एका कोळसा खाणकामगाराच्या घरी ती जन्मली. विवाहानंतर वॉशिंग्टन राज्यात गेली. नवऱ्याने आणून दिलेल्या स्वस्त गिटारवर आपली आपण शिकली. १९६० मध्ये 'आय ॲम अ हाँकी टाँक गर्ल' हे स्वरचित गाणे निघाले, आणि ते वाजवले जावे म्हणून हे जोडपे मोटारीतून एकेका नभोवाणी केंद्रावर हिंडले. गाणे बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. नॅशव्हिलची वाट मोकळी झाली.

पुरुषी तक्रारींना किटी वेल्सने १९५२ मध्येच उत्तर दिले होते. मात्र ते गीत एका पुरुषाने लिहिले होते. लोरेटाच्या स्वतःच्या गीतांतील स्त्री झुरत नाही, दम देते. पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला सुनावणारे, बहिणीसह लिहिलेले तिचे गीत १९६७ मध्ये यादीत पहिले आले. उलट संततिनियमनाच्या गोळीवरील 'द पिल'चे (१९७५) गीतकार म्हणून नावे इतरांची आहेत. पण सहा मुलांच्या आईने ते गायिले आणि श्रोत्यांनी ते तिचेच मानले. अनेक केंद्रांनी ते वाजवण्यास नकार दिला, तोही तिलाच!

'कोल मायनर्स डॉटर' (१९७०) हे तिचे सर्वांत आत्मपर गीत. मूळ रचना इतकी लांब होती की निर्माता ओवेन ब्रॅडलीच्या सांगण्यावरून काही कडवी गाळावी लागली. जे जसेच्या तसे जगणे भासते, तेही असे संपादित आहे. याच नावाचे आत्मचरित्र तिने पत्रकार जॉर्ज व्हेक्सी यांच्या साहाय्याने १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. १९८० मध्ये त्यावर चित्रपट निघाला व सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळाले. तेराव्या वर्षीची नवरी ही प्रतिमा या दोहोंनी जगभर रूढ केली.

२०१२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कागदपत्रे बाहेर काढली. जन्म १४ एप्रिल १९३२ चा, विवाह जानेवारी १९४८ मधला. म्हणजे नवरी पंधरा वर्षांची होती. पंधरावे वर्ष हेही कोवळेच वय, हे खरे. तरीही आत्मचरित्राच्या विश्वासार्हतेला तडा गेला. गाण्याला मात्र काही झाले नाही, कारण त्यात लग्नाचे वय नाहीच. बाप, आई, खाण आणि गरिबी आहे. आत्मचरित्रातल्या 'मी'पेक्षा आम्हांला तो गाण्यातला 'मी' अधिक भरवशाचा वाटतो.

२००४ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, जॅक व्हाइटसारख्या तरुण रॉक संगीतकाराबरोबर तिने 'व्हॅन लीअर रोझ' हा संग्रह केला. त्याला दोन ग्रॅमी मिळाल्या. शीर्षकगीत आईवडिलांच्या प्रेमाचे आहे, म्हणजे कवयित्रीच्या जन्माआधीचे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी तिचे निधन झाले, तेव्हा बातम्यांनी वय नव्वद असेच दिले.