आरशाचा कॅमेरा आटोक्यात कसा आला



कोकणातल्या एका शिक्षकांचे पत्र माझ्यापुढे आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला वीस हजार रुपये दिले आहेत. त्यातून डीएसएलआर कॅमेरा घ्यावा, असे गुरुजींच्या मनात आहे. स्नेहसंमेलन, परसबाग, आवारात येणारे पक्षी असे सगळे टिपायचे आहे. पण पैसा वर्गणीचा, तेव्हा चूक करून चालायचे नाही. कॅमेऱ्यावर किती घालू आणि भिंगावर किती, असे ते विचारतात. याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल, कारण ते या यंत्राच्या इतिहासातच दडलेले आहे.

आता बघा, डीएसएलआर म्हणजे मुळात आरशाचा कॅमेरा. भिंगातून आलेला प्रकाश आरशावर पडून वर डोळ्याकडे जातो. कळ दाबली की आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश मागे चित्र घेतो. जे भिंग पाहते तेच आपण पाहतो, ही त्याची खुबी. मागे पूर्वी फिल्म असे. छत्तीस चित्रांचा रोल. त्याची किंमत, धुलाई, छपाई हे सगळे मोजून मोजून कळ दाबावी लागे. शिकणाऱ्या माणसाला तर चुकाही परवडत नसत.

फिल्मच्या जागी विजेवर चालणारा सेन्सर बसवण्याची खटपट अमेरिकेत कोडॅक कंपनीत झाली. १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र, आणि तेही कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत! पुढे १९९१ मध्ये याच कंपनीने निकॉन एफ-३ या आरशाच्या कॅमेऱ्याला सेन्सर जोडून विक्रीस काढला. चित्रे साठवण्याची पेटी वेगळी, ती खांद्याला लटकवून हिंडायचे. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. वर्तमानपत्रांनीच घ्यावा असा तो मामला होता.

१९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला आणि किंमत साडेपाच हजार डॉलरच्या आत आली. तरीही ती सामान्य माणसाच्या खिशाबाहेरच. खरा बदल घडला २००३ साली. कॅननने ३००-डी नावाचा कॅमेरा ८९९ डॉलरला काढला, म्हणजे तेव्हाच्या दराने एक्केचाळीस हजार रुपयांच्या आसपास. आणखी शंभर डॉलर दिले की १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंगही मिळे. ही स्वस्ताई साधली कशी? अंग प्लास्टिकचे केले, काचेच्या भरीव लोलकाऐवजी आतून आरसे बसवले, आणि काही सोयी चक्क बंद करून ठेवल्या. सेन्सर मात्र त्याच वर्षीच्या महागड्या भावंडासारखाच, ६३ लाख ठिपक्यांचा. गंमत अशी की काही हौशी मंडळींनी त्याची आज्ञावली उलगडून झाकलेल्या सोयी पुन्हा जाग्या केल्या!

काटकसर झाली ती अंगात आणि सोबतच्या भिंगात. ते भिंग उजेडात चांगले काम देते, पण सभागृहात त्याचा जीव गुदमरतो. मी स्वतः पहिला कॅमेरा घेतला तेव्हा सारे पैसे बॉडीत घातले. संमेलनाच्या रात्री नाटकातली मुले चित्रात भुतासारखी पुसट आली. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. ५५ मिलिमीटरला त्या भिंगाची खिडकी एफ ५.६ इतकीच उघडते. ५० मिलिमीटरचे साधे एफ १.८ भिंग त्याच्या नऊपटीहून जास्त प्रकाश आत घेते. जिथे दशांश सेकंद लागतो तिथे शतांशाच्या जवळपास भागते, आणि नाचणारे पोर स्थिर दिसते. हे भिंग फिल्मच्या काळापासून बनते आहे, म्हणून स्वस्त आहे. मात्र लहान सेन्सरवर ते ७५–८० मिलिमीटरसारखे वागते. वर्गात पाठ भिंतीला टेकली तरी सगळी मुले मावत नाहीत. त्यासाठी सोबतचे भिंग हाताशी असू द्यावे. पक्ष्यांना मात्र या दोन्हींनी हात टेकायचे. त्यांना लांब पल्ल्याचे भिंग हवे, ते पुढच्या वर्गणीला.

जुने भिंग घेताना जोडाची जात विचारावी. निकॉनचा जोड १९५९ पासूनचा. पण २००६ च्या डी-४० मध्ये केंद्र साधण्याची मोटर काढून टाकली गेली, त्यामुळे ज्या जुन्या भिंगांत स्वतःची मोटर नाही ती त्यावर हातानेच फिरवावी लागतात. कॅननने १९८७ साली जुना जोड सोडून नवा धरला. तेव्हा जुने ग्राहक चिडले. पण नव्या जोडाच्या भिंगात मोटर पहिल्यापासूनच होती, म्हणून १९८७ चे भिंग ३००-डी वर आपोआप चालते.

२०१८ पासून दोन्ही कंपन्यांचा ओढा बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळला, आणि आरशाचे कॅमेरे वापरलेल्या मालाच्या बाजारात उतरत्या भावाने येऊ लागले. तेव्हा गुरुजी, बॉडी जुनी, चालू स्थितीतली घ्या. ठिपक्यांच्या आकड्याला भुलू नका. तिच्यासोबत १८–५५ येईलच. उरलेल्या पैशांत ५० चे एफ १.८ बसवा, आणि थोडे पैसे बॅटरीसाठी राखा. भिंग हातात आले की एका बाजूने विजेरी धरून दुसऱ्या बाजूने तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असले तरी परत करा. तुमच्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन चांगले भिंगही घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि उघडीप मिळाली की उन्हाच्या उजेडात थोडा वेळ बाहेर काढा.