शाखांमधील फाइल-नक्कल (गिट)

शाखांमधील फाइल-नक्कल म्हणजे आवृत्ती नियंत्रण प्रणालीत, दोन शाखांचे विलीनीकरण न करता, एका शाखेतील निवडक फाइल वा फोल्डर दुसऱ्या शाखेत आणण्याची क्रिया होय. प्रस्तुत लेखात ती गिट या प्रणालीच्या संदर्भात दिली आहे. गिटची निर्मिती लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नेलच्या विकासकामासाठी केली.

== संकल्पना ==

शाखा म्हणजे फाइलींचे स्वतंत्र कपाट, असा नवशिक्यांचा समज असतो. तो बरोबर नाही. गिटमधील शाखा ही एका कमिटकडे, म्हणजे नोंदीकडे, निर्देश करणारी खूण असते. प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणीच्या संपूर्ण प्रकल्पाचे चित्र असते. फाइलींचा मजकूर त्याच्या आशयावरून साठवला जात असल्याने, नक्कल केलेल्या फाइलीचा मजकूर भांडारात दुसऱ्यांदा साठवला जात नाही.

== पद्धत ==

एका पुस्तकाचा मजकूर 'मुख्य' या शाखेत असून 'शोधन' या शाखेत मुद्रितशोधन चालू आहे, असे समजू. तिसरे प्रकरण तपासून झाले आहे, उरलेली प्रकरणे अर्धवट आहेत. विलीनीकरण केल्यास अर्धवट प्रकरणेही मुख्य शाखेत येतील. अशा वेळी पुढील आज्ञा देतात (प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात):

गिट स्विच मुख्य
गिट चेकआउट शोधन -- प्रकरण३.टेक्स्ट

दोन आडव्या रेघांनंतर येते ते फाइलीचे नाव, शाखेचे नव्हे, हे त्या रेघा सांगतात. फाइल कामाच्या फोल्डरात आणि इंडेक्समध्ये, म्हणजे पुढील नोंदीच्या तयारीच्या जागी, अशी दोन्हीकडे येते. कमिट मात्र आपोआप होत नाही. ते वेगळे करावे लागते.

चेकआउट या एकाच आज्ञेकडे शाखा बदलणे आणि फाइल आणणे अशी दोन भिन्न कामे असल्याने गोंधळ होत असे. म्हणून २०१९ मधील २.२३ या आवृत्तीत 'स्विच' व 'रिस्टोर' या आज्ञा आल्या. 'गिट रिस्टोर --सोर्स=शोधन' ही आज्ञा मूलतः केवळ कामाच्या फोल्डरातील फाइल बदलते. फोल्डर आणताना आणखी एक फरक पडतो: चेकआउट केवळ भर घालते, तर रिस्टोर मूळ शाखेत नसलेल्या, पण गिटच्या नोंदीत असलेल्या फाइली काढूनही टाकते. फाइल निराळ्या नावाने हवी असल्यास 'गिट शो शोधन:प्रकरण३.टेक्स्ट > तपासलेले.टेक्स्ट' ही आज्ञा उपयोगी पडते.

== धोके ==

फाइल आणताना तिच्यातील नोंद न केलेले बदल कोणतीही विचारणा न होता पुसले जातात. ते इंडेक्समध्येही घातलेले नसतील तर गिटजवळ त्यांची प्रत नसते. रिफ्लॉगमधूनही ते परत मिळत नाहीत. दिवसभराचे टंकन एका ओळीने जाऊ शकते. त्यामुळे आधी 'गिट स्टेटस' पाहून, बदल असल्यास कमिट किंवा 'गिट स्टॅश' करणे आवश्यक ठरते. मुख्य शाखेत त्याच प्रकरणात झालेल्या नोंदवलेल्या दुरुस्त्याही नव्या प्रतीत राहत नाहीत. जुन्या नोंदींत मात्र त्या सापडतात. चेकआउटला '-पी' हा पर्याय जोडल्यास प्रत्येक तुकडा दाखवून विचारणा होते.

दुसरी गोष्ट श्रेयाची आहे. फाइलीबरोबर तिचा इतिहास येत नाही. 'गिट ब्लेम' ही आज्ञा मुख्य शाखेत दिल्यास दुरुस्त ओळींपुढे नक्कल करणाऱ्याचे नाव दिसते, मुद्रितशोधकाचे नव्हे. कमिट करताना 'ऑथर' हा पर्याय देऊन मूळ कर्त्याचे नाव घालता येते. दुरुस्ती स्वतंत्र कमिटमध्ये असेल, तर 'गिट चेरी-पिक' अधिक योग्य. त्यात मूळ कर्त्याचे नाव व संदेश कायम राहतो.

पुढे दोन्ही शाखांचे विलीनीकरण केल्यास, दोन्हीकडे सारखाच राहिलेला मजकूर अडचण करत नाही. परंतु नकलेनंतर एका शाखेत त्याच ओळी पुन्हा बदलल्या असतील, तर संघर्ष उद्भवू शकतो व तो हाताने सोडवावा लागतो.