जमिनीत लोह, तरी पीक उपाशी

वनस्पतींच्या वाढीसाठी १७ मूलद्रव्ये अत्यावश्यक मानली जातात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही हवेतून आणि पाण्यातून मिळतात. उरलेली १४ मुळांवाटे जमिनीतून घ्यावी लागतात. मात्र एखादे मूलद्रव्य जमिनीत असणे आणि ते वनस्पतीला उपलब्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूलद्रव्ये मुळांत शिरतात ती मुख्यत्वे पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या रूपात. युरियातील किंवा शेणखतातील नायट्रोजनाचे जमिनीतील जीवाणू आधी अमोनियम आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यानंतरच बहुतांश नायट्रोजन पिकाच्या उपयोगी पडतो. मूळरोमांच्या पेशीपटलातील प्रथिने हे आयन आत घेतात. या कामी ऊर्जा खर्च होते व ती मिळवण्यासाठी मुळांना ऑक्सिजन लागतो. म्हणूनच पाणी साचलेल्या शेतात खत देऊनही बहुतेक पिके पिवळी पडतात.

उपलब्धतेचा प्रश्न सर्वाधिक जाणवतो तो लोहाबाबत. महाराष्ट्रातील काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली असल्याने तिच्यात लोह भरपूर असते. परंतु चुनखडीयुक्त जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो. सामू एका अंकाने वाढला, की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते. परिणामी लोह मातीत अविद्राव्य ऑक्साइडच्या रूपात अडकून पडते. अशा जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी, पुढे पांढरट होतात. शेतकरी याला ‘केवडा’ म्हणतात. बाजरीवरील बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होणारा केवडा मात्र निराळा.

वनस्पतींनीही यावर उपाय शोधले आहेत. द्विदल वनस्पतींची मुळे आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन सोडतात व फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर करून ते शोषतात. ऊस, गहू, ज्वारी यांसारखी गवतवर्गीय पिके लोहाला धरून ठेवणारी सेंद्रिय संयुगे मुळांतून सोडतात आणि लोहासह ती पुन्हा आत घेतात. चुना फार असल्यास मात्र हे प्रयत्न तोकडे पडतात.

अशा वेळी पिवळेपणा पाहून युरियाची मात्रा वाढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. निदान पानांवरूनच करता येते. नायट्रोजन वनस्पतीत सहज वाहून नेला जात असल्याने त्याची उणीव प्रथम जुन्या, खालच्या पानांवर दिसते. लोह तसे हलत नाही. त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा हिरव्या राहतात. उपाय म्हणून फेरस सल्फेटची सौम्य फवारणी करतात किंवा ते शेणखतात मुरवून देतात. चिलेटयुक्त लोह वापरायचे तर विम्ल जमिनीत टिकणारा प्रकार निवडावा लागतो.

घरच्या कुंडीत गंजलेले खिळे पुरण्याचा उपाय मात्र सहसा निष्फळ ठरतो. गंज हेही फेरिक लोहाचे अविद्राव्य संयुगच आहे. जमिनीत ज्याची मुळात कमतरताच नाही, त्याचीच ती आणखी एक भर ठरते. त्यामुळे खत विकत घेण्यापूर्वी माती परीक्षण करून सामू जाणून घेणे अधिक हिताचे.