आरपीएमचा काटा आणि मद्रास

मी चेन्नईत गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दाखवणाऱ्या मीटरला इथं मान मिळाला तो माझ्या मते शोलावरमच्या शर्यतींमुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या जुन्या विमानांच्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं शर्यती भरवल्या. गिअर कधी बदलायचा हे चालक काट्यावरून ठरवायचे. १९६१ साली पाडीची लुकास-टीव्हीएस स्थापन झाली आणि इग्निशनचं सामान इथंच बनू लागलं.

जुन्या पेट्रोल गाडीत मीटर कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १००. काटा नाचतोय आणि इंजिनही अडखळतंय, तर आधी पॉइंट आणि कंडेन्सर पाहावेत. इंजिन सुरळीत चालत असेल, तर मीटरची वायर आणि अर्थिंग तपासावं. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत इथले जोड लवकर गंजतात.

आताच्या गाड्यांत ठोके क्रँकच्या सेन्सरवरून येतात, स्कॅनर आकडा दाखवतो. तरी मी शिकाऊ पोरांना आधी सिग्नलची वाट शोधायला लावतो. मीटर बदलणं सोपं असतं. दोष नेमका शोधणं हीच या शहरातल्या मिस्त्रींची खरी विद्या, आणि ती टिकलीच पाहिजे.