मारिस व्हेरपाकोव्हस्किस : लात्व्हियाला युरो स्पर्धेत घेऊन जाणारा फॉरवर्ड

लात्व्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा जेमतेम अठरा-एकोणीस लाख लोकवस्तीचा देश. तिथे आइस हॉकी आणि बास्केटबॉलचं वेड जास्त, फुटबॉलचा नंबर त्यानंतर लागतो. असं असूनही २००४ साली या देशाचा संघ युरो स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळला. एस्टोनिया आणि लिथुआनिया या शेजाऱ्यांना अजूनही ते जमलेलं नाही. या यशाबद्दल बोलताना एक नाव सर्वात आधी घेतलं जातं, ते म्हणजे मारिस व्हेरपाकोव्हस्किस.

सुरुवात कुठे झाली?

मारिसचा जन्म १५ ऑक्टोबर १९७९ रोजी लिएपाया या बंदराच्या शहरात झाला. तेव्हा लात्व्हिया सोव्हिएत संघाचा भाग होता. तो मोठा होत असताना, १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. गावच्याच मेटालुर्ग्स क्लबकडून तो खेळू लागला आणि १९९९ मध्ये राष्ट्रीय संघातही आला. पुढे तो राजधानी रीगाच्या स्कोंतो क्लबमध्ये गेला. त्या काळात स्कोंतोचा दबदबा एवढा होता की १९९१ पासून सलग १४ वर्षं देशाची लीग याच क्लबने जिंकली.

उंची बेताची, पण वेग जबरदस्त, ही त्याची ओळख. प्रशिक्षक अलेक्सांद्रस स्तारकोव्हस यांचा संघ मागे राहून भक्कम बचाव करायचा आणि चेंडू मिळाला की झटकन प्रतिहल्ला चढवायचा. अशा खेळात बचावपटूंच्या मागे पळत सुटणारा फॉरवर्ड लागतो. मारिस नेमका तसाच होता.

स्वीडनमधला तो गोल

युरो २००४ च्या पात्रता फेरीत लात्व्हियाच्या गटात स्वीडन, पोलंड, हंगेरी आणि सॅन मरिनो होते. सप्टेंबर २००३ मध्ये रीगात लात्व्हियाने हंगेरीला ३-१ असं हरवलं, त्यात मारिसचे दोन गोल होते. ११ ऑक्टोबरला शेवटचा सामना स्वीडनमध्ये होता. स्वीडनने पहिलं स्थान आधीच पक्कं केलं होतं, पण लात्व्हियाला दुसरं स्थान टिकवायचं होतं. मारिसच्या एकमेव गोलवर लात्व्हियाने सामना १-० जिंकला आणि प्लेऑफ गाठली.

तुर्कीला धक्का

प्लेऑफमध्ये समोर होता तुर्कीचा संघ, २००२ च्या विश्वचषकात तिसरा आलेला. १५ नोव्हेंबरला रीगातला पहिला सामना लात्व्हियाने १-० जिंकला. गोल अर्थातच मारिसचा.

चार दिवसांनी इस्तंबूलमध्ये दुसरा सामना झाला. तुर्कीने २-० आघाडी घेतली आणि लात्व्हियाचं आव्हान संपलं असं वाटू लागलं. पण दुसऱ्या गोलनंतर दोनच मिनिटांत युरिस लाइझान्सने एक गोल फेडला. दोन्ही सामने मिळून २-२ अशी बरोबरी झाली आणि परक्या मैदानावरच्या गोलला जास्त वजन देणाऱ्या नियमामुळे पारडं लात्व्हियाकडे झुकलं. तरी तुर्कीला आणखी एक गोल पुरेसा होता. ७८ व्या मिनिटाला मारिसने गोल केला आणि ती आशाही मावळली. सामना २-२ सुटला, एकूण ३-२ ने लात्व्हिया पात्र ठरला.

पोर्तुगालमधले तीन सामने

१५ जून २००४ रोजी आव्हेरो इथे चेक प्रजासत्ताकाविरुद्ध पहिला सामना झाला. पूर्वार्ध संपता संपता मारिसने गोल केला. उत्तरार्धात चेक संघाने दोन गोल करत सामना २-१ जिंकला. पुढच्या सामन्यात लात्व्हियाने जर्मनीला ०-० असं रोखून एक गुण मिळवला. नेदरलँड्सविरुद्ध मात्र ०-३ असा पराभव झाला आणि प्रवास गटातच थांबला. युरोच्या मुख्य फेरीत लात्व्हियाच्या नावावर आजवर एकच गोल आहे, तो मारिसचा.

क्लब कारकीर्द

तुर्कीवरच्या विजयानंतर युक्रेनच्या डायनामो कीव्हने त्याला करारबद्ध केलं. नोव्हेंबर २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्याने गोल केला, तो सामना २-२ असा सुटला. पण कीव्हमधली जागा कायम राहिली नाही. २००७ पासून तो उसनवारीवर स्पेनचा गेताफे, क्रोएशियाचा हायदुक स्प्लिट आणि पुन्हा स्पेनचा सेल्टा व्हिगो अशा क्लबांकडून खेळला. त्यानंतर ग्रीसचा एर्गोटेलिस आणि अझरबैजानचा बाकू हे टप्पे झाले. सततच्या या बदलांत बड्या क्लबचा तारा होणं काही त्याच्या वाट्याला आलं नाही.

पुन्हा लिएपाया

शेवटी तो गावी परतला. तिथे वेगळंच संकट उभं होतं. ज्या पोलाद कारखान्याच्या जिवावर मेटालुर्ग्स क्लब चालायचा, तो २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि क्लबही बंद पडला. २०१४ मध्ये एफके लिएपाया हा नवा क्लब उभा राहिला. मारिस त्याच्याकडून खेळला आणि निवृत्तीनंतर त्याच क्लबचा अध्यक्षही झाला. २०१५ मध्ये लिएपायाने लात्व्हियाची लीग जिंकली.

राष्ट्रीय संघाकडून १०४ सामन्यांत २९ गोल, हा लात्व्हियाचा विक्रम आहे. मोठ्या देशांच्या फॉरवर्डशी तुलना केली तर आकडा साधाच वाटेल. पण हंगेरी, स्वीडन आणि तुर्कीविरुद्धचे त्यातले पाच गोल काढून टाकले, तर लात्व्हियाच्या युरो वारीचा इतिहासच उरत नाही.