बोहीमियन वेशशैली

बोहीमियन वेशशैली : रूढ नागर संकेत झुगारणारे कलावंत व भटके जीवन यांविषयीच्या कल्पनांतून घडलेली पाश्चात्त्य वेशभूषेची एक शैली. सैल व पायघोळ कपडे, भरतकाम, ठिगळकाम, आरसे, कवड्या, झालरी, गोंडे आणि ठसठशीत दागिने ही तिची प्रमुख लक्षणे होत. यांपैकी अनेक घटक भारतीय भटक्या जमातींच्या, विशेषतः दख्खनमधील बंजाऱ्यांच्या (लमाणांच्या) पोशाखात आढळतात.

पंधराव्या शतकात रोमा (जिप्सी) लोकांचे तांडे पश्चिम यूरोपात पोहोचले. ते बोहीमियातून (सांप्रतच्या चेक प्रजासत्ताकाचा एक भाग) आले, या समजुतीने फ्रेंच लोक त्यांना बोहीमियन म्हणू लागले. वस्तुतः त्यांचे मूळ भारतीय असल्याचे त्यांच्या भाषेच्या अभ्यासातून अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसून आले. बंजारा व रोमा एकाच वंशाचे असल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही. पुढे पॅरिसमधील निर्धन कलावंतांना हेच नाव मिळाले. आंरी म्यूर्झे (१८२२–६१) याच्या १८५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या कथांमुळे आणि त्यांवर आधारलेल्या पुत्चीनीच्या ला बोएम (१८९६) या संगीतिकेमुळे ते सर्वतोमुखी झाले.

बंजारा हे मूळचे वाहतूकदार व्यापारी. सहस्रावधी बैलांवर धान्य व मीठ लादून चाललेल्या अशा तांड्यांचे वर्णन सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने केले आहे. मोगलांच्या व पुढे इंग्रजांच्या फौजांनाही ते धान्य पुरवीत. भरतकाम केलेला घागरा (फेटिया), पाठीवर बंदांनी बांधावयाची चोळी (कांचळी) आणि ओढणी हा बंजारा स्त्रीचा परंपरागत पोशाख. जुन्या कपड्यांचे थर एकत्र शिवून त्यांवर रंगीत दोऱ्यांनी भरतकाम करावयाचे आणि आरसे, कवड्या व नाणी जडवावयाची, ही त्यामागील कारागिरी होय. केसांत गुंफलेल्या घुगरी, टोपली यांसारख्या अलंकारांवरून स्त्री विवाहित असल्याचे कळते. म्हणजेच हा वेश व्यक्तिगत आवडीपेक्षा सामाजिक संकेतांनी बांधलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे व पक्क्या सडका यांमुळे बैलांवरील वाहतूक मागे पडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. कालांतराने देशाच्या निरनिराळ्या भागांतील बंजाऱ्यांच्या काही गटांचाही त्यांत समावेश झाला. वेशावरून जमात तत्काळ ओळखू येत असल्याने तो संशयासही कारण होई. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजाऱ्यांची गणना विमुक्त जातींत होते.

१९६० नंतरच्या दशकात हिप्पी चळवळीने बोहीमियन शैलीस नवी चालना दिली. भारतात आलेल्या हिप्पींपैकी अनेकांनी गोव्यातील हणजूण, कळंगुट इ. किनाऱ्यांवर वास्तव्य केले. हणजूण येथे १९७० नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या वस्तू विकण्यासाठी भरविलेला बाजार पुढे बुधवारचा बाजार म्हणून प्रसिद्धीस आला. तेथे कर्नाटकातून आलेल्या लमाणी स्त्रिया आरसेकामाच्या पिशव्या, कमरपट्टे, चादरी व कवड्यांचे दागिने विकू लागल्या. पाश्चात्त्य तरुणांना मुक्ततेचे चिन्ह वाटलेल्या या वस्तू विकणाऱ्या स्त्रियांना पोटासाठी गाव सोडावे लागले होते.

बाजारातील मागणीमुळे या कलेस उत्पन्नाचे साधन लाभले. तथापि तांड्यातील नित्याचा वेश म्हणून ती क्षीण होत गेली. शिक्षण, शेतमजुरी व ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर, तयार कपड्यांची स्वस्ताई आणि जुन्या कलंकाची जाणीव ही त्याची काही कारणे होत. महाराष्ट्रातील तरुण बंजारा स्त्रिया बहुधा साडी वा पंजाबी पोशाख वापरतात. परंपरागत वेश मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या अंगावर, तसेच विवाह, होळी, तीज अशा प्रसंगी दिसतो. कर्नाटकातील संडूर येथील लमाणी भरतकामास २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. त्यामुळे त्या नावाच्या वापरास कायद्याचा आधार लाभला. मात्र बोहीमियन या सर्वसाधारण नावाखाली खपणाऱ्या कापडावर मूळ कारागीर स्त्रियांचा वा त्यांच्या जमातीचा उल्लेख क्वचितच असतो.